भिंतीवरचं भिंतीवर

कानसेनने भिंतीला डावा कान लावला, डोळे मिटून घेतले आणि चेहऱ्यावर ऐकल्याचं हसू आणलं. गोल सज्जाच्या पार पलीकडे लाल जाकीट घातलेला एक धिप्पाड गृहस्थ भिंतीशी तोंड नेऊन पुटपुटत होता. मधे घुमटाची भलीमोठी पोकळी, आणि एवढ्या अंतरावरून त्याचं तोंड दिसत होतं सुपारीएवढं. पुटपुटणं संपलं असेल असा अंदाज घेऊन कानसेनने डोळे उघडले, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि अगदी हळू आवाजात त्या गृहस्थाचं नाव घेतलं. आडनावासकट.

पलीकडे लाल जाकीट जागच्या जागी उडालं. गृहस्थाने दोन्ही हात वर केले आणि सगळा घोळका टाळ्या पिटायला लागला. कानसेनला टाळ्यांचे हात दिसत होते. टाळ्या ऐकू येत नव्हत्या.

गेली दोन वर्षं त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. आधी उजवा कान गेला, तेव्हा त्याने डाव्यावर भागवलं. मग डावाही कुरकुरायला लागला आणि एका हिवाळ्यात त्यानेही राम राम ठोकला. नस सुकली आहे, आता यंत्र लावूनही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं. दवाखान्यातून कानसेन निघाला तो तडक कामावर आला आणि ही गोष्ट त्याने गिळून टाकली.

गिळायला कारण होतं. देशात पाहायलाच हव्यात अशा दहा जागा आहेत म्हणतात. कुठे पांढऱ्या दगडाची कबर, कुठे वाळवंटातला किल्ला, कुठे बर्फाच्या डोंगरातलं तळं. त्या पंगतीत हा काळाकभिन्न घुमट सातव्या पाटावर बसलेला. बाहेरून पाहावा तर उपडी घातलेली कढई. पण आत, वरच्या सज्जात, भिंतीशी केलेली कुजबुज दगडादगडाने फिरत पार पलीकडे लावलेल्या कानात जशीच्या तशी उतरायची. दोनचार भाषांचे मुलूख ओलांडून माणसं यायची ती तेवढ्यासाठी. आणि त्यात कानसेनचा हातखंडा होता. पर्यटकाने कुठल्याही भाषेत काहीही कुजबुजावं, हा पठ्ठ्या अर्थ कळो न कळो, ते चढउतारासकट परत म्हणून दाखवायचा. बाकीच्या गाइडांना ते जमत नसे. त्यांनीच त्याला हे नाव ठेवलं, थोडं कौतुकाने आणि थोडं जळून. खरं नाव आता फक्त परवान्यावर उरलं होतं.

ज्याचं नावच कानावरून पडलं, त्याने कान गेले हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग युक्त्या सुरू झाल्या. खाली तिकिटाच्या खिडकीपाशी तो प्रत्येकाशी गोड बोलून नाव विचारून घ्यायचा. आपल्या भाषेतलं असलं तर ओठांवरून कळायचं. परक्या भाषेतले ओठ काही केल्या वाचता यायचे नाहीत, मग ‘कसं लिहायचं हो हे?’ म्हणून समोरच्याला तळहातावर बोटाने लिहायला लावायचं. वर गेल्यावर फर्मान काढायचं की भिंतीला आपलं नाव सांगा, बाकी काही नाही. नाव सांगायला डोळा मिटून उघडण्याइतका वेळ लागतो. त्याहून जास्त वेळ ओठ हलले तर समजायचं की पाहुण्याने आगाऊपणा केला. त्यासाठी शेजारी फोटोवाला उभा असायचा. त्याला सगळे फ्लॅश म्हणत. कॅमेऱ्याशी खाटखूट करतोय असं दाखवत तो भिंतीला कान लावायचा आणि जे ऐकू येईल ते बिनआवाजाने ओठांनी कानसेनला सांगायचा. अख्ख्या जगात हे बिंग ठाऊक असलेला तो एकटा.

आणि फ्लॅश नसेल तेव्हासाठी एक हुकमी उत्तर होतं. ‘अगदी बरोबर! तसंच करा!’ हे कशालाही चालायचं. नवऱ्याने बायकोची चहाडी केली, कुणी लॉटरीचा नंबर विचारला, कुणी नुसतीच शिवी हासडली, तरी भिंतीतून ‘अगदी बरोबर! तसंच करा!’ आलं की भिंतीला कान लावून बसलेला अख्खा घोळका खो खो हसत सुटायचा. वेळ मारून नेण्यात कानसेन आता इतका तयार झाला होता की कधीकधी त्याला स्वतःलाच वाटायचं, आपल्याला ऐकू येतंय.

आज मात्र त्याची पाचावर धारण बसली होती. शेजारी फ्लॅश नव्हता. घुमटाचा कारभार बघायला आलेल्या नव्या साहेबांनी आल्या आल्या फोटोवाल्यांना वर यायची बंदी केली होती आणि स्वतः एकेका गाइडबरोबर एकेक फेरी करायला सुरुवात केली होती. कुणाचा परवाना पुढे चालू ठेवायचा आणि कुणाला ‘आता आराम करा’ म्हणायचं, हे ते त्या फेरीत ठरवत. साठी उलटलेले दोघे कालच आराम करायला गेले होते. साहेब तसे सज्जन होते, पण त्यांना सर्दी झाली होती, आणि तोंडासमोरचा रुमाल काही केल्या खाली येत नव्हता. जिन्यात त्यांनी रुमालामागून काहीतरी विचारलं तेव्हा कानसेन नुसताच ‘हो साहेब’ म्हणाला होता. कशाला हो म्हणालो हे त्याला अजून कळलं नव्हतं.

एवढं एक बरं होतं की साहेबांचा सदरा पांढराशुभ्र होता आणि भिंत शेकडो वर्षांची मळकी. ते भिंतीला कान लावायला तयार नव्हते. जिन्याच्या दाराशी हात मागे बांधून उभे होते आणि लोक खूश आहेत की नाही तेवढं बघत होते.

लोक खूश होते. लाल जाकिटानंतर एका नवविवाहित जोडप्याची नावं झाली, मग उंच टोपी आणि खेळायचे बूट घातलेल्या एका जाडसर बाईंचं झालं. दहापैकी सहा जागा पाहून झाल्यात, ही सातवी, असं त्या खाली प्रत्येकाला सांगत होत्या. ‘आमच्या वर्गात माझा कधी सातवा नंबरही आला नव्हता,’ असं कानसेन म्हणाला तेव्हा त्याच सगळ्यात मोठ्याने हसल्या असाव्यात, कारण त्यांची टोपी पडली होती. एकामागून एक नावं झाली. शेवटचं नाव झाल्यावर कानसेनने डोळ्याच्या कोपऱ्यातून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. कानसेनचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात जिन्याच्या दारातून त्याची लेक आत आली.

खांद्याला प्रवासाची पिशवी, केस घट्ट बांधलेले. साहेबांच्या बाजूने वाट काढून ती कुणाकडे न बघता सरळ सज्जाच्या पलीकडच्या अंगाला गेली आणि खिडकीच्या डाव्या हाताच्या दगडाशी थांबली. लहानपणी ती तिथेच उभी राहायची.

लेक परवा माहेरी आली होती. न कळवता आली, आणि ‘सहजच, आठवण आली’ एवढंच म्हणाली. दोन दिवस आईच बोलत होती. कानसेनची बायको समोर उभी राहून, हातवारे करत आणि उत्तराची वाट न बघता बोलायची, म्हणून तर घरात त्याचं बिंग फुटलं नव्हतं. किंवा तिला केव्हाच कळलं असेल आणि तिनेही गिळलं असेल. विचारायची त्याची छाती नव्हती. लेक मात्र बापासारखी हळू बोलणारी. बोलताना मान खाली घालायची, भांडी घासता घासता, कपड्यांच्या घड्या घालता घालता बोलायची, आणि कानसेनला तिचे ओठच सापडायचे नाहीत. तो आपला ‘हं, हं’ करायचा. आज दुपारच्या बसने परत जाते, हे त्याला सकाळी बायकोकडून कळलं होतं. जाता जाता निरोप घ्यायला आली, असं त्याला वाटलं. त्याला बरंही वाटलं.

लेकीने पिशवी खाली ठेवली. दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि कपाळ दगडाला टेकलं.

निरोप असा घेत नाहीत, हे कानसेनला बघताच कळलं. असं कपाळ टेकून ती फक्त अवघड गोष्टी सांगायची. लहान असताना ती बाबांचा डबा घेऊन यायची, आणि पर्यटक निघून गेले की दोघं समोरासमोरच्या भिंतींना जाऊन उभी राहायची. तोंडावर सांगायची भीती वाटेल ते तिने भिंतीला सांगायचं. शेजाऱ्यांची काच कुणी फोडली, गणितात किती पडले, सहलीला जाऊ का. बाबा भिंतीतूनच उत्तर द्यायचे. नियम एकच होता आणि तो त्यानेच घातला होता: भिंतीवरचं भिंतीवर. एकदा इथे उत्तर मिळालं की घरी त्याचा विषय काढायचा नाही, रडायचं नाही, पुन्हा विचारायचं नाही. पोर मोठी झाली तरी तिने तो नियम मोडला नाही. लग्नसुद्धा तिने इथेच ठरवलं. ‘बाबा, मुलगा बरा वाटतो. हो म्हणू का?’ आणि तेव्हा कान शाबूत असलेल्या कानसेनने मोठ्या खुशीत उत्तर दिलं होतं, ‘म्हण.’

आता तिचे ओठ हलत असतील. हाताच्या ओंजळीत दिसत नव्हते, पण खांदे हलत होते. एका नावाचा वेळ गेला. दहा नावांचा वेळ गेला. कानसेन भिंतीला कान चिकटवून उभा होता, इतका की दगडाचा गारवा गालफडात शिरला. तिचा श्वासदेखील ऐकू आला नाही. अख्खा घोळका भिंतीला कान लावून ऐकत होता. पाहुण्यांना काय, फुकटचा खेळ. साहेबही आता इकडेच बघत होते.

लेकीने कपाळ बाजूला केलं आणि दगडाला कान लावला. उत्तराची वाट बघत ती थांबली.

‘काय म्हणालीस?’ असं विचारावं, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण या सज्जात कानसेनने ‘काय म्हणालीस?’ विचारायचं म्हणजे परवाना काढून साहेबांच्या हातात ठेवायचा. संध्याकाळी फोन करून बायकोकरवी विचारू, असं त्याने ठरवलं. आणि ते ठरेपर्यंत तोंडाने आपलं नेहमीचं काम करून टाकलं होतं.

“अगदी बरोबर,” तो भिंतीला म्हणाला. “तसंच कर.”

‘करा’चं ‘कर’ केलं, एवढीच काय ती आपुलकी.

लेक थोडा वेळ तशीच कान लावून उभी राहिली. मग तिने पिशवी उचलली, दुरूनच त्याच्याकडे बघून मान डोलावली, अगदी लहानपणी डोलवायची तशी, आणि साहेबांच्या बाजूने जिन्यात उतरून गेली.

कानसेनने हसऱ्या चेहऱ्याने घोळक्याकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. ‘तसंच करा’ला आजवर कुणी हसलं नाही असं झालं नव्हतं. नवविवाहित मुलगी नवऱ्याचा दंड धरून उभी होती. लाल जाकीट आपल्या बुटांकडे बघत होतं. ज्यांना त्याची भाषा कळत नव्हती ते कळणाऱ्यांना विचारत होते, आणि ज्यांना सांगितलं जात होतं त्यांचे चेहरे एकेक करून पडत होते.

टोपीवाल्या बाई सज्जाला वळसा घालून, अक्षरशः पाय आपटत त्याच्याकडे आल्या. त्या अगदी नाकासमोर येऊन उभ्या राहिल्या. ओठांना लाल रंग लावलेला होता, त्यामुळे वाचणं सोपं गेलं.

“तुम्ही बाप आहात की कोण आहात हो?”

“काय झालं बाई?”

“काय झालं? आम्हाला काय विचारता? बाबा म्हणाली ती तुम्हाला! बाबा, तो हात उचलतो माझ्यावर, असं म्हणाली. तुमच्याकडे राहायला येऊ का विचारायचं होतं, पण तुमच्या मनात नाही हे कळलं, म्हणाली. परत जाते, सोसते आणखी, बरोबर ना बाबा, असं विचारलं तिने.” बाईंचे ओठ थरथरले, आणि पुढचे शब्द वाचणं अवघड झालं. “आणि तुम्ही काय म्हणता? अगदी बरोबर? तसंच कर? मेल्या, दगड बरा की तुझ्यापेक्षा!”

शेवटचं वाक्य त्याने वाचलं नाही. तो तोवर चालायला लागला होता.

जिन्याच्या दारात साहेब आडवे आले. त्यांनी घोळक्याकडे बोट दाखवलं, रुमाल तोंडापुढे धरून काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं. कानसेनने त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला केलं. आयुष्यात त्याने एखाद्या साहेबाला हात लावला असेल तर तो तेव्हाच. पर्यटकांना अर्ध्या फेरीत सोडून जाणाऱ्या गाइडचं काय होतं, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्याने दुसऱ्या गाइडांचं झालेलं पाहिलं होतं.

जिना अरुंद आणि चक्राकार, पायऱ्या पावलांनी घासून गुळगुळीत झालेल्या. वर येणारी माणसं भिंतीला चिकटून त्याला वाट देत होती. गुडघा बोंबलत होता. बोंबलू दे. इतकी वर्षं हा जिना उतरताना तो लोकांना सांगत आला होता, सावकाश, घाई करू नका, घुमट कुठे पळून जात नाही.

खाली दरवाज्याशी फ्लॅश गळ्यात कॅमेरा अडकवून उन्हात बसला होता. कानसेनला बघताच तो उठला.

“अरे, लेक रडत गेली तुझी. काय बोललास तिला?”

“कुठे गेली?”

फ्लॅशने स्टँडकडे हात केला आणि आणखी काहीतरी म्हणाला, पण कानसेनची पाठ फिरली होती.

बस लागलेली होती. माणसं बसली होती, टपावर सामान चढलं होतं, खाली एक बाई तान्हं मूल कडेवर घेऊन दुसऱ्या गाडीची वाट बघत होती. मागून तिसऱ्या खिडकीत त्याची लेक दिसली. समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसली होती. त्याने पत्र्यावर थाप मारली तशी तिने वळून पाहिलं. डोळे लाल होते, पण पुसून कोरडे केलेले.

“खाली उतर,” तो म्हणाला. दम लागून शब्द तुटत होते. “उतर बाळा.”

तिने नकाराची मान हलवली. खिडकीतून ती त्याच्याकडे तोंड करून बोलत होती, त्यामुळे प्रत्येक शब्द दिसत होता.

“भिंतीवरचं भिंतीवर, बाबा. तुम्हीच शिकवलंत.”

“मी ऐकलंच नाही.”

“काय?”

“तू जे सांगितलंस ते. मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही ग. दोन वर्षं झाली.”

लेक हसली. असलं हसू त्याने तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

“तुम्हाला ऐकू येत नाही? कानसेनला? सगळ्यांच्या देखत उत्तर दिलंत की! चार लोकांनी तोंडात शेण घातलं असेल, म्हणून आता धावत आलात. राहू दे बाबा. मला राग नाही आला.”

“देवाशपथ सांगतो...”

“काल घरी पण सांगितलं मी. पहिल्यापासून सगळं. तो कसा वागतो, पहिल्यांदा कधी हात उचलला, सगळं. मी भांडी घासत होते, तुम्ही मागे बूट पुसत होतात. एकदाही थांबला नाहीत. सगळं ऐकून शेवटी ‘हं’ म्हणालात.” तिचे ओठ बारीक झाले. “मला वाटलं, तोंडावर बोलवत नसेल. म्हणून भिंतीला विचारलं. तर तिथेही तेच.”

कानसेनला कालची संध्याकाळ जशीच्या तशी दिसली. मोरीपाशी वाकलेली लेकीची पाठ, पाण्याखाली हलणारे कोपर, आणि मांडीवर बूट घेऊन बसलेला तो. साहेबांसमोर बूट चकचकीत हवेत एवढीच त्याला काळजी. ती बोलत असेल अशी शंकाही त्याला आली नव्हती. मधेच तिने मान किंचित वळवली होती, तेव्हा काहीतरी विचारलं असावं म्हणून तो सवयीने ‘हं’ म्हणाला होता.

“तुझी पाठ होती माझ्याकडे,” तो म्हणाला.

“मग?”

दोन वर्षं त्याने हे सोंग इतकं बेमालूम वठवलं होतं की ते खोटं आहे, हे पोटच्या पोरीलाही पटवता येत नव्हतं. ड्रायव्हर चढून आपल्या जागेवर बसला. कंडक्टर दाराशी उभा राहून शेवटच्या माणसांना आत घेत होता.

“बरं,” कानसेन म्हणाला. “ऐक. आता मी पाठ करून उभा राहतो. तू बोल. कालचं सगळं बोल, पहिल्यापासून. हाक मार, शिव्या घाल, मी मेलो म्हण, काय वाटेल ते म्हण. मी वळलो तर समज की मला ऐकू येतं, आणि खुशाल जा. बोलून झालं की माझ्या खांद्याला हात लाव. तोवर मी वळणार नाही.”

आणि तो वळला. बसकडे पाठ करून, गाइडचा गणवेश घालून भर उन्हात उभा राहिला.

समोर मूल घेतलेली बाई होती, तिच्यामागे दोन हमाल, पलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे घुमट. मागे काय चाललं आहे हे कळायला त्याला काहीच मार्ग नव्हता. ती बोलत असेल. नसेल. खिडकी लावून घेतली असेल. एकाएकी समोरची बाई दचकली, कडेवरचं मूल तोंड वासून रडायला लागलं आणि दोन्ही हमालांनी कानांवर हात ठेवून त्याच्याकडे रागाने पाहिलं. हातवारे करून ते त्याला बाजूला व्हायला सांगत होते. म्हणजे ड्रायव्हरने त्याच्या पाठीशीच हॉर्न दाबला होता, आणि अजून दाबूनच धरला असावा, कारण बाईने मुलाचं डोकं आपल्या गळ्यात दाबून धरलं होतं. कानसेन हलला नाही. ऐकू तर काहीच आलं नव्हतं.

मग हमालांनी हात खाली घेतले. बाईचं मूल रडायचं थांबलं. पायाखालची जमीन थरथरली. बूट जमिनीला चिकटले होते त्यातून ती थरथर गुडघ्यापर्यंत चढली, पोटऱ्यांवर गरम धूर आला, आणि डोळ्याच्या कडेला बसचं नाक दिसलं, मग खिडक्या, मग मागची, टपावर चढायची लोखंडी शिडी. बस वळली आणि रस्त्याला लागली. खिडक्यांतली तोंडं त्याला दिसली नाहीत. वळून पाहिलं असतं तर दिसली असती. पण वळणार नाही असं म्हणून बसला होता, आणि या एका शब्दाखेरीज त्याच्याकडे आता खरं म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

गेली, असं त्याला वाटलं. आता घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, आणि कुठून सुरुवात करायची. घुमटाच्या दारातून साहेब बाहेर आले होते आणि फ्लॅशपाशी थांबलेले दिसत होते. साहेबांचा रुमाल अखेर खाली आला होता आणि ते काहीतरी विचारत होते. फ्लॅश मान खाली घालून उत्तर देत होता.

उजव्या पायाशी काहीतरी टेकलं. त्याने मान न हलवता नुसती नजर खाली नेली. प्रवासाची पिशवी होती.

तो तसाच उभा राहिला. खांद्याला हात लागेल म्हणून वाट बघत होता, आणि हात लागत नव्हता. समोरची बाई मुलाला थोपटत होती. थोपटता थोपटता तिचा हात थांबला. ती कानसेनच्या खांद्यावरून मागे बघू लागली, नको तिथे लक्ष गेल्यासारखी नजर काढून घेतली आणि पुन्हा तिकडेच बघू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हमालांनीही नुकत्याच पेटवलेल्या विड्या विझवल्या.

हात अजून लागला नव्हता. लेक बोलत होती.